कुकी-कोटेड फ्रेंच टोस्ट: चुरा सुटतो, बाहेरून करपतो, आत लगदा राहतो, ते का आणि काय करायचं

आधी एक क्लिअर करते. आपल्याकडे बऱ्याच घरांत फ्रेंच टोस्ट म्हणजे अंड्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद घालून त्यात ब्रेड बुडवून तव्यावर टाकणे. तो हा नाही. हा गोड, जाड, आतून कस्टर्डसारखा मऊ आणि बाहेरून बिस्किटाच्या चुऱ्याचं कुरकुरीत कोटिंग असलेला. रोज खायचा पदार्थ नाहीच, महिन्यातून एखाद्या रविवारी करायचा आणि दुपारचं जेवण सरळ उशिरा करायचं.

हा करून बघणारे जवळपास सगळे त्याच तीन तक्रारी घेऊन येतात. उलटताना कोटिंग तव्यालाच राहिलं, किंवा दोन मिनिटांत काळं झालं, किंवा बाहेरून मस्त दिसत होता पण कापला तर मध्ये ओला गोळा. मी पहिल्यांदा भाच्याच्या वाढदिवसाला सकाळी केला तेव्हा तिन्ही गोष्टी एकाच टोस्टमध्ये झाल्या. उलथणं घातलं, टोस्ट वर आला, चुरा खालीच, आणि भाचा प्लेटकडे बघून म्हणाला, "मावशी, हा सोललाय का?"

गडबड रेसिपीत नसते, आपण हा ब्रेडक्रम्ब्स लावलेल्या कटलेटसारखा तळायला जातो तिथे असते. ब्रेडक्रम्ब्समध्ये साखर जवळपास नसतेच. बिस्किटात वजनाच्या साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा साखरच असते (पाकिटाच्या मागे शंभर ग्रॅमला किती ते छापलेलं असतं, एकदा बघा, क्रीमवाल्यांत तर अजून जास्त). म्हणजे तुम्ही तव्यावर साखर टाकताय हे डोक्यात ठेवायचं. पुढच्या सगळ्या स्टेप्स त्या एका गोष्टीवरून ठरतात.

साहित्य (४ जाड टोस्ट, तिघांना भरपूर)

- न कापलेला मिल्क ब्रेड किंवा ब्रिऑश (अंडी-बटर घातलेला मऊ फ्रेंच ब्रेड), २ ते २.५ सेंमी जाडीचे ४ स्लाइस
- अंडी ३
- दूध १५० मिली, फुल क्रीम
- फ्रेश क्रीम २ टेबलस्पून
- व्हॅनिला अर्धा टीस्पून, जायफळ किसून चिमूटभर, मीठ पाव टीस्पूनपेक्षा कमी
- बिस्किटं आणि कुकीज मिळून २०० ग्रॅम (थोडा चुरा उरेल, उरू दे, कमी पडला तर जास्त पंचाईत)
- साजूक तूप ३ टेबलस्पून, बटर १ टेबलस्पून

कस्टर्डमध्ये साखर लिहिलेली नाही, ती चुकून राहिली नाहीये. कोटिंग गोड, वरून काहीतरी गोड, आणि कस्टर्डमधली साखर बाहेर झिरपून तव्यावर अजून लवकर करपते. फारच सवय असेल तर १ टीस्पून, त्याच्या वर नको.

१. ब्रेड: आदल्या दिवशी आणा

पाकिटातला सँडविच ब्रेड इथे चालत नाही, अगदीच चालवायचा म्हटला तर चालतो पण मग कस्टर्ड आत मावणार कुठे? बेकरीत जाऊन अख्खा लोफ मागायचा, "कापू नका" असं स्पष्ट सांगायचं, कारण तुम्ही बोलत असतानाच तो माणूस मशीनमध्ये घालून मोकळा होतो. घरी आणून करवती सुरीने २ सेंमीपेक्षा थोडा जाड कापायचा. ताजा ब्रेड कापताना दबतो, म्हणूनही आदल्या दिवशीचा बरा.

कापलेले स्लाइस रात्रभर जाळीवर उघडे ठेवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हे करू नका, हवेत इतका दमटपणा असतो की ब्रेड वाळायच्या ऐवजी चामट होतो. तेव्हा सरळ ओव्हनमध्ये १२० डिग्रीला १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ओव्हन नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं, रंग येऊ द्यायचा नाही.

*तपासा:* वरून हात लावला तर कोरडा, खरखरीत. मध्ये दाबला तर अजून थोडा मऊ. पूर्ण कडक खारी झाली असेल तर ती चहाबरोबर खा, दुसरा ब्रेड घ्या.

२. बिस्किटं निवडणे: इथेच अर्धी लढाई

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा लांबवते.

नुसत्या महागड्या बटर कुकीज घेऊ नका. त्यांच्यात बटर इतकं असतं की तव्यावर गरम झालं की कोटिंग वितळून घसरतं. नानकटाईचं तेच, चव अप्रतिम पण तुपातच मळलेली असते, तव्यावर पसरते. उलट नुसतं मारी घेतलं तर कोटिंग घट्ट बसतं पण चव पुठ्ठ्यासारखी. म्हणून मिक्स करायचं: दोन भाग मारी किंवा ग्लुकोज बिस्किट, एक भाग बटर कुकी किंवा नानकटाई. कोरडं बिस्किट चिकटून राहायचं काम करतं, कुकी चवीचं. जास्त कुरकुर हवी असेल तर मूठभर साधे कॉर्नफ्लेक्स चुरून त्यात टाका, गोड किंवा मधवाले नको.

क्रीम बिस्किटं हवीच असतील (मुलांना काळ्या चॉकलेट बिस्किटांचंच कोटिंग हवं असतं, माहितीये) तर सुरीने मधलं क्रीम पूर्ण खरवडून काढा. ते क्रीम म्हणजे साखर आणि फॅट, तव्याला लागलं की दहा सेकंदांत काळा डाग. खरवडलेलं क्रीम फेकू नका, नंतर गरम टोस्टवर ठेवता येतं.

चॉकलेट चिप कुकीज मात्र मी पूर्ण टाळते. चिप तव्याला टेकते, वितळते, जळते आणि तो कडू वास अख्ख्या टोस्टला लागतो. चिप्स हव्यातच तर वरून टाका.

३. चुरा किती बारीक?

मिक्सरमध्ये फिरवून एकदम पिठूळ करतात लोक. पीठ झालं की ओल्या ब्रेडवर त्याची पेस्ट होते, कुरकुरीत काही राहत नाही. आणि फार मोठे तुकडे ठेवले तर ते चिकटतच नाहीत.

जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटा. बहुतेक चुरा जाड रव्याएवढा आणि अधूनमधून साबुदाण्याएवढे दाणे, असं हवं. मिक्सरच वापरायचा तर पल्सवर तीन-चार झटके, बस. मग पसरट ताटात काढा, वाटीत किंवा डब्यात नको, टोस्ट आडवा मावला पाहिजे.

*सावधान:* चुरा आदल्या दिवशी करून उघडा ठेवू नका. सादळलेला चुरा तव्यावर कुरकुरीत होत नाही, फक्त काळा होतो.

४. कस्टर्ड

अंडी, मीठ आधी फेटा, दूध नंतर. सगळं एकदम ओतून फेटलं की पांढऱ्याचे दोरे राहतात, आणि हे दोरे ब्रेडमध्ये शिरत नाहीत, बाहेर लटकतात आणि तव्यावर त्यांचं ऑम्लेट होतं. मग दूध, क्रीम, व्हॅनिला, जायफळ. शेवटी चहाच्या गाळणीने पसरट भांड्यात गाळून घ्या. आळस येतो, पण गाळाच.

अंडी आणि दूध फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. बर्फासारखं थंड कस्टर्ड असेल तर टोस्टचा मधला भाग गरम व्हायला वेळ लागतो आणि तोपर्यंत बाहेरचं बिस्किट संपलेलं असतं.

अंडं नको असेल तर: १५० मिली थंड दुधात २ टेबलस्पून व्हॅनिला कस्टर्ड पावडर आणि १ टेबलस्पून मैदा, गुठळ्या न ठेवता. पावडर तळाशी बसते म्हणून प्रत्येक स्लाइस बुडवायच्या आधी ढवळा. आणि ह्या मिश्रणात ब्रेडची प्रत्येक बाजू फक्त १० सेकंद, कारण अंड्यासारखं हे ब्रेडला आतून धरून ठेवत नाही, जास्त भिजला तर उचलताना तुटतो.

५. भिजवणे आणि निथळवणे

वाळवलेला २ सेंमीचा स्लाइस: एका बाजूने ३० सेकंद, दुसऱ्या बाजूने ३० सेकंद. घड्याळ लावा खरंच. ताजा मऊ ब्रेड असेल तर ८-१० सेकंदच. चारही एकदम भांड्यात टाकून फोनवर बोलायला जाऊ नका.

*तपासा:* दोन्ही हातांनी खालून उचला. थोडा वाकला तर बरोबर. मध्ये लोंबला तर जास्त भिजला. तो टाकू नका, जाळीवर पाच-सात मिनिटं जास्त ठेवा, बहुतेक वेळा वाचतो.

आता ती स्टेप जी सगळे गाळतात. भिजवलेला स्लाइस लगेच चुऱ्यात घालायचा नाही. जाळीवर ठेवा, खाली ताट, २ मिनिटं निथळू द्या. वरचं कस्टर्ड खाली उतरतं, उरलेलं आत मुरतं आणि पृष्ठभाग ओला न राहता फक्त चिकट होतो. बोट टेकवलं तर बोटाला चिकटपणा जाणवला पाहिजे, थेंब आला नाही पाहिजे. थेंब येत असताना चुरा लावला की त्याचा चिखल होतो, तो चिखल तव्यावर सुटतो, आणि आपण म्हणतो नॉनस्टिक खराब झालं.

६. घोळवणे

उजवा हात ओल्याला, डावा हात कोरड्याला, हे ठरवून घ्या नाहीतर पाच मिनिटांत दोन्ही हातांना बिस्किटाचे मोजे चढतात.

स्लाइस चुऱ्यावर ठेवा, वरूनही चुरा घाला आणि तळहाताने हलकं पण नीट दाबा. नुसतं अलटून-पलटून होत नाही, थापल्यासारखं दाबायचं. मग उलटा, परत दाबा. मग चारही कडा उभ्या करून चुऱ्यात टेकवा, कडा राहिल्या की तिथून कस्टर्ड बाहेर येतं आणि कोटिंगला खालून उचलतं. शेवटी हलकं झटका, जे सैल आहे ते इथेच पडू दे, तव्यात पडण्यापेक्षा बरं.

कोटिंग दोनदा करू का, असं विचारतात. नको. जाड थर आतून ओलाच राहतो.

७. फ्रिजमध्ये १० मिनिटं

जाळीवर, न झाकता. चुरा कस्टर्डमधलं थोडं पाणी ओढून घेतो, फुगतो आणि ब्रेडला धरतो. सुरमईला रवा लावून लगेच तव्यावर टाकली तर रवा सुटतो ना, आणि थोडं थांबलं की बसतो, अगदी तेच. अर्ध्या तासाच्या पुढे मात्र ठेवू नका, मग सगळं कोटिंगच ओलं होतं.

ह्या वेळात तवा, तूप, ओव्हन, वरून घालायचं सगळं काढून ठेवा. तव्यावर गेल्यावर वेळ मिळत नाही.

८. तवा आणि आच

पसरट नॉनस्टिक पॅन सगळ्यात सोपा. बिडाचा तवा असेल तर तो एकदा तापला की खाली यायला वेळ घेतो, म्हणून आच अजून कमी आणि सुरुवात सावकाश.

नुसतं बटर वापरू नका. बटरमध्ये दुधाचा अंश असतो, तो खाली बसून जळतो आणि त्याचे काळे ठिपके कोटिंगला लागतात. तूप म्हणजे तो अंश काढून टाकलेलंच बटर, ते जास्त उष्णता सहन करतं. तीन भाग तूप, वासापुरतं एक भाग बटर. दोन टोस्टमागे अर्धं तूप-बटर आधी, उरलेलं दुसऱ्या घाण्याला.

*आच बरोबर आहे का:* चिमूटभर चुरा तुपात टाका. भोवती बारीक बुडबुडे आले आणि अर्ध्या मिनिटात छान वास सुटला तर बरोबर. दहा सेकंदांत रंग बदलला तर गॅस बंद करा, तवा उचलून धरा, तो चुरा पुसून काढा आणि परत सुरू करा. काहीच झालं नाही तर अजून थांबा, गार तुपात टोस्ट टाकला की तो तूप पितो.

मग मंद ते मध्यमच्या मध्ये कुठेतरी, एका वेळी दोनच टोस्ट. पहिली ३ मिनिटं हात लावायचा नाही. उचलून बघायचं नाही, सरकवायचं नाही, उलथण्याने दाबायचं तर अजिबात नाही (दाबलं की आतलं कस्टर्ड बाहेर, मग सगळं मुसळ केरात). तीन मिनिटांनी पॅन हलकं हलवा, टोस्ट स्वतःहून सरकला तर तयार आहे. नाही सरकला तर अर्धा मिनिट अजून. उलटताना रुंद उलथणं पूर्ण खाली घालायचं आणि दुसऱ्या हातात चमचा वरून आधाराला. दुसरी बाजू ३ मिनिटं, मग चिमट्याने उभं करून प्रत्येक कड १५-२० सेकंद.

आता रंगाबद्दल. सगळ्या रेसिपीत "सोनेरी होईपर्यंत" लिहितात, पण बिस्किट आधीपासूनच सोनेरी आहे! काळ्या चॉकलेट बिस्किटाचं तर विचारूच नका, करपलंय की झालंय ते डोळ्याला कळतच नाही. म्हणून इथे घड्याळ आणि नाक. भाजलेल्या बिस्किटाचा, बेकरीसमोरून जाताना येतो तसा वास असेल तोवर ठीक. तो वास कडवट, कॅरॅमल जास्त झाल्यासारखा व्हायला लागला की लगेच उचला, डोळे काहीही सांगू देत.

*सावधान:* पहिला घाणा झाला की पॅन पेपरने पूर्ण पुसा, नवीन तूप घाला. तळाला राहिलेला चुरा दुसऱ्या घाण्यात कोळसा होऊन नव्या टोस्टला चिकटतो. पहिले दोन मस्त आणि पुढचे दोन कडू, असं होतं ते ह्यामुळेच.

९. आतून शिजलाय का?

२ सेंमीच्या जाड टोस्टला तव्यावरची सहा मिनिटं बहुतेक पुरत नाहीत, आणि इथे घाबरून आच वाढवली की गेलंच. आधीपासून १६० डिग्रीला तापवलेल्या ओव्हनमध्ये जाळीवर ६ ते ८ मिनिटं. ओव्हन नसेल तर गॅस सगळ्यात कमी करून, झाकण तिरकं ठेवून २ मिनिटं, मग झाकण काढून १ मिनिट, म्हणजे वाफेने मऊ झालेलं कोटिंग परत सुकतं. झाकण घट्ट ठेवलंत तर वाफवलेला ब्रेड मिळेल.

*तपासा:* मध्यावर बोटाने हलकं दाबा. परत वर आला तर शिजला. खोलगट राहिला किंवा कडेतून पिवळसर ओलं आलं तर नाही. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर मध्ये ७२ डिग्रीच्या वर पाहिजे, अंडं आहे म्हणून.

एअर फ्रायरवाल्यांसाठी: चुऱ्यावर वितळलेलं तूप ब्रशने लावा नाहीतर कोरडी वाळू लागते, १७० डिग्रीला एकूण ८ मिनिटांच्या आसपास, मध्ये एकदा उलटा. बरा होतो. तव्याची मजा नाही येत.

१०. प्लेटमध्ये

झालेला टोस्ट थेट प्लेटमध्ये ठेवला की खालून घाम येतो आणि एवढ्या मेहनतीचं कोटिंग मिनिटभरात मऊ. आधी जाळीवर १-२ मिनिटं.

सॉस, रबडी, चॉकलेट जे काही आहे ते वरून ओतू नका, प्लेटमध्ये खाली पसरा आणि त्यावर टोस्ट ठेवा, म्हणजे वरची बाजू खाईपर्यंत कुरकुरीत राहते. मला स्वतःला खाली गार घट्ट बासुंदी आणि बाजूला काहीतरी आंबट आवडतं. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात जरा कमी पिकलेला आंबा. आंबट काही नसेल तर चार घासांनंतर तोंड चिकट होतं आणि खाववत नाही. निदान थोडं दही फेटून ठेवा.

भरलेला करायचा असेल तर जाडी ३ सेंमी घ्या, एका कडेने सुरीने खिसा करा, तिन्ही बाजूंनी १ सेंमी सोडून. चॉकलेट स्प्रेडचा एक चमचा प्लास्टिकवर चपटा करून फ्रीझरमध्ये घट्ट करा आणि तो तुकडा आत सरकवा. मऊ स्प्रेड चमच्याने भरायला गेलात तर खिसा फाटतो. हे सगळं ब्रेड भिजवायच्या आधी, नंतर नाही. पहिल्याच वेळी भरलेला करू नका, दोनदा साधा जमू दे.

उरलं तर

उरलेले टोस्ट फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत, गरम करायचे ते ओव्हनमध्ये किंवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये टाकलात तर पाण्यात पडलेलं बिस्किट खाल्ल्यासारखं लागतं. ताटातला जो चुरा कच्च्या अंड्याला लागलाय तो टाकून द्या, परत डब्यात भरू नका. म्हणून सुरुवातीलाच सगळा चुरा ताटात ओतायचा नाही, थोडा थोडा घ्यायचा. न लागलेला चुरा बरणीत घट्ट झाकून आठवडाभर राहतो, आईस्क्रीमवर घाला.